रोह्यांना पाठ झालेलं गाणं

मेडशीला बसमधून उतरून आमच्या वावराच्या वाटेला लागलं की, तूर फुलोऱ्यात असेल तेव्हा, जिकडेतिकडे ताटं वाजताना ऐकू येतात. रोही, म्हणजे नीलगायी, कळपानं येतात आणि एका पहाटेत तुरीचे शेंडे खाऊन जातात. म्हणून लोक उंच बांबूवर भंगारातल्या पंख्याची पाती बसवतात, मागच्या दांड्याला साखळीनं एक जड नट लटकवतात आणि शेजारी जुनं ताट बांधतात. वाऱ्यानं पाती फिरली की नट ताटावर आदळतो.

त्या दिवाळीत मी सुटीवर घरी आले होते. मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि ते आईबाबांनी याच वावराच्या जोरावर दाखवलं. त्या साली सोयाबीन कापणीतच भिजून काळं पडलं होतं. सारी भिस्त तुरीवर होती, आणि रोह्यांनी एक कोपरा आधीच साफ केला होता.

"तू शिकेल आहेस," बाबा म्हणाले, "आपला पंखा जरा जोरदार करून दे."

मी कामाला लागले. एका ताटाऐवजी तीन भांडी घेतली: स्टीलचं ताट, चेंबलेली पितळी परात आणि आईच्या लग्नात आहेरात आलेली झाकणी. लहानपणी मला पेटी शिकायची फार हौस होती, पण गावात शिकवणारं कोणी नव्हतं. ती हौस बहुतेक तिथं वर आली. मी प्रत्येक भांडं वाजवून पाहिलं आणि दांड्यावर तीन नट अगदी सारख्या अंतरावर बांधले.

वारा सुटला. टण्, ढण्, टिण.

सुरुवातीला तो भांड्यांचाच आवाज होता. पण तेच पुन्हा पुन्हा येऊ लागलं तसा माझा कान पुढच्या 'टिण'ची वाट पाहू लागला. मला वाटतं, गाणं तिथंच सुरू होतं.

निंदता निंदता आई उठून उभी राहिली. "अवो, आयकता का? पोरीनं तं गानं बसवलं!"

शेजारच्या वावरातले काका भजनात टाळ वाजवतात. ते संध्याकाळी टाळ घेऊनच आले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पंख्याला साथ करू लागले. "माय, तुया पंखा आमच्या मंडळात भरती करतो. चहा मांगत नाही, विडी मांगत नाही!"

चार-सहा दिवस मोठ्या मजेत गेले. मग एका सकाळी आम्ही वावरात पोचलो, तर पंखा सुरात वाजत होता आणि त्याच्याच खाली रोही निवांत तूर खात होते. एकाचा तर कानसुद्धा हलत नव्हता. त्यांनाही गाणं पाठ झालं होतं.

"पाह्य," बाबा म्हणाले, "पाव्हणे आले आयकाले."

काका धुऱ्यावरून ओरडले, "त्याईले बसा म्हना, टाळ देतो!"

बाबा हसले खरे, पण त्यांचा हात बोडक्या झालेल्या फांदीवरून फिरत होता. "बाई, हे गानं बंद करा लागते."

"काहून?" आई म्हणाली. "मले करमते त्याच्यानं."

"तुले करमते, त्याईलेही करमते. मंग तुरीचं कसं होईन?"

दुसऱ्या सकाळी मी पाना घेऊन निघाले, तर माझ्या आधीच बांबूवर एक वानर चढून बसलं होतं. मला पाहताच त्यानं शेजारच्या निंबावर उडी मारली. जाताना एक पातं वाकलं आणि परात एका तारेवर लोंबकळू लागली. वारा आला. पंखा अडखळला, एकदा टण् वाजला, गप्प झाला. मग लागोपाठ दोनदा टिण टिण. पुन्हा शांत. धुऱ्यावर आलेले रोही मान वर करून थबकले. मला वाटलं, तेही आता पुढच्याची वाट पाहत आहेत. तेवढ्यात परात झोका खाऊन ताटावर आदळली, आणि सगळा कळप शेपट्या वर करून पळाला.

मी पाना वर केला तर मागून बाबा धावत आले. "हात लावू नको! आता कसं झकास वाजून राह्यलं!"

त्यांनी वानराला हात जोडले. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी ते स्वतः एखादं पातं वाकवत, एखादी तार सैल करत, म्हणजे पुढे काय वाजेल ते रोह्यांनाही कळू नये आणि आपल्यालाही.

आईनं मात्र झाकणी परत मागितली. मग मी घराच्या टिनावर तिच्यासाठी एक लहान पंखा बसवला, तिन्ही सूर सांभाळून.

तूर घरी आली. नव्या डाळीचं पहिलं वरण झालं तेव्हा काकांनाही जेवायला बोलावलं होतं. टिनावर वाजत होतं टण्, ढण्, आणि वारा पडला. आम्ही सगळे घास हातात धरून थांबलो. आईनं पळीनं पातेल्याच्या काठावर 'टिण' वाजवलं आणि वरण वाढायला घेतलं.