सांगता येत नाही

आमचे अण्णा वकिली करायचे तेव्हा पक्षकाराला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं. लासलगावच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. बांधाचा वाद घेऊन आलेला माणूस सगळं सांगून झालं की विचारायचा, "वकीलसाहेब, निकाल आपल्याच बाजूनं लागंल ना?" अण्णा चष्मा पुसत म्हणायचे, "सांगता येत नाही."

माणूस बिचारा तोंड पाडून जायचा. इतर वकील छातीठोकपणे "केस खिशात आहे" म्हणत असताना असल्या माणसाकडे कोण येणार? पण लोक येत. अण्णा खोटी आशा लावत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. आईनं मात्र त्या उत्तराची पार चेष्टा करून ठेवली होती. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं अण्णांनी विचारलं की ती त्यांच्याच आवाजात "सांगता येत नाही" म्हणायची, आणि दोघं हसत सुटायची.

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात आमदारकीचं खूळ घातलं. पहिल्या प्रचारात एका वस्तीवरच्या बायांनी विचारलं, "साहेब, नळाला पाणी येईल का?" अण्णांनी सवयीनं उत्तर दिलं. निवडणूक सपाटून हरले. पक्षातला एक जुना कार्यकर्ता आमच्या ओट्यावर बसून त्यांना समजावत होता, "कोर्टात तुमचं बरोबर हाय. पण इथं लोक 'हो' ऐकायला येतात, वकीलसाहेब. हो म्हणायला तुमचं काय जातंय?"

पुढच्या खेपेला अण्णा शिकून उतरले. रस्ता? झालं समजा. बदली? झालं समजा. समोरच्याच्या हातावर थोपटत इतकं गोड म्हणायचे की माणूस काम उरकल्यासारखाच परत जायचा. निवडून आले, पुन्हा आले. आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहायला गेलो. काही कामं खरोखर झाली, ते मी नाकारणार नाही. पण घरातही तेच सुरू झालं. आई म्हणायची, "अहो, दिवाळीला तरी लासलगावला जाऊन राहू." झालं समजा. त्या दोन शब्दांचा मला इतका संताप यायचा की मी ताटावरून उठायची. तिची चेष्टा कधी बंद झाली, ते आमच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी अण्णांना आणि मला वेगळं बोलावून स्पष्ट सांगितलं की आता उपचारांचा उपयोग नाही, फार दिवस उरलेले नाहीत. आम्ही खोलीत परतलो. आईनं अण्णांकडे पाहिलं.

"काय म्हणाले डॉक्टर? मी बरी होणार का?"

अण्णांनी तिच्या हातावर थोपटलं. "झालं समजा. पुढच्या महिन्यात घरी."

आईनं हात काढून घेतला आणि मला म्हणाली, "यांना जरा बाहेर बसव. आणि आपले वकीलसाहेब कुठे भेटले तर आत पाठव."

अण्णा बाहेर बाकावर जाऊन बसले. तिथंही कुणीतरी त्यांना ओळखलं आणि मुलाच्या नोकरीचं गाऱ्हाणं मांडलं. अण्णा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, मीच आत जाऊन आईला सांगून टाकावं. पण तिनं मला विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं अण्णा आत आले. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले, चष्मा काढला आणि पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "सांगता येत नाही."

निकाल माहीत नसताना वकिलीच्या दिवसांत म्हटलेलं ते वाक्य त्यांनी त्या दिवशी निकाल माहीत असताना म्हटलं. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. ते रडत होते.

आईला नेमकं कळलं. तिनं त्यांच्या हातातला चष्मा घेतला, चादरीच्या टोकानं पुसला आणि परत दिला.

"मग मला घरी घेऊन चला," ती म्हणाली. "लासलगावच्या."

अण्णा उठले आणि गाडी सांगायला गेले.