तेरसेची होळी

माझ्या सासूबाई मालनबाई लग्न होऊन जयपूरला आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये नातवंडांशी त्या निम्मं हिंदीच बोलतात, पण कोकणातल्या गावच्या देवीला हात जोडल्याशिवाय चहा घेत नाहीत. सासरे गेले आणि आईंची एकच इच्छा राहिली. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, तेव्हा एकदा तरी आपलं दार उघडं असावं, ओटी आपल्या हातून भरली जावी.

यंदा आम्ही गाडी काढली. होळी पौर्णिमेला, पालखी त्यानंतर, असं आईंनीच सांगितलं. म्हणून अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने, समुद्र दिसेल तिथे थांबत गेलो.

"आई, उशीर नाही ना होणार?" मी विचारलं.

"देवी काय पळून जाते? खेळू दे पोरांना."

धुळवडीला गावच्या घरी पोचलो, तर बंद दारापुढे गुलाल सांडलेला. शेजारच्या अलकावहिनी धावत आल्या.

"अगो मालन, आपली होळी तेरसेला पेटते, पुनवेच्या दोन दिवस आधी, विसरलीस? पालखी काल येऊन गेली. कुलूप बघून थोडी थांबलीसुद्धा."

आई पायरीवर बसल्या. "चाळीस वर्षं तिकडचीच होळी बघत आले गं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी पालखी खालच्या वाडीत होती. तिथे दुसऱ्याच्या अंगणात, बायकांच्या मागे उभं राहून त्यांनी ओटी भरली. तरुण गुरवाने नारळ हातात घेत विचारलं, "पाहुण्या कुठल्या?"

आईंनी देवीला हात जोडले. मग म्हणाल्या, "जयपूरच्या."