धुक्यातली वर्दी

पुकालोमा गावात ओल्मेदो पिलामुंगाचं नाव लोक आदराने घेत. एक्वादोरच्या त्या डोंगरउतारावर पातीचा कांदा आणि बटाटे पिकवणारा हा माणूस वीस वर्षं तुंगुराहुआ ज्वालामुखीचा पहारेकरी होता. पगार नाही, भत्ता नाही. वेधशाळेने दिलेला एक वायरलेस संच, एवढंच काय ते. सकाळ-संध्याकाळ डोंगराकडे बघायचं आणि खाली वर्दी द्यायची: राख किती, धूर कुठल्या रंगाचा, आवाज कसला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण शिकलेले साहेबलोक त्याच्या कानावर भरवसा ठेवत. बायको म्हणायची, "माझं डोकं दुखलेलं या माणसाला कळत नाही, डोंगराचं पोट दुखलेलं मात्र बरोबर कळतं."

कीर्ती पसरली तशी बाहेरदेशची माणसं शिकायला येऊ लागली. पेरूचे आले, कोलंबियाचे आले. यंदा ग्वातेमालाहून सहा जण आले. त्यातल्या कांदेलारिया नावाच्या बाईच्या गावावर तिकडचा ज्वालामुखी उतरला होता आणि तिच्या दोन बहिणी त्यात गेल्या होत्या.

"आम्हाला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं," ती वही उघडत म्हणाली. "आता ती माणसं आम्हीच उभी करणार. तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं करू."

उकडलेला मका पुढे सरकवून ओल्मेदोने नेहमीची कहाणी सुरू केली. पंधरा वर्षं सांगून ती त्याला तोंडपाठ झाली होती. मोठ्या उद्रेकाच्या वेळी गाव खाली छावणीत हलवलं होतं. पण गुरं आणि खाण्यासाठी पाळलेले खुराड्यातले गिनीपिग वरच राहिलेले, म्हणून सकाळी दोन तास वर जाऊन चारापाणी करायची मुभा होती. त्या दिवशी आई, डोंगराला सगळे आईच म्हणतात, न सांगता उसळली. ओल्मेदोने भोंगा वाजवला. चाळीस जण पळून वाचले, सोईला नावाची बाई तेवढी मागे राहिली.

"गिनीपिग सोडवेनात तिला," तो म्हणाला. "जनावरांपायी जीव घालवला. माणसं हट्टी असतात, बाई."

हे बोलताना तो नेहमी खाली बघायचा. कारण सोईलाचा मुलगा एफ्राइन बहुतेक वेळा शेजारीच बसलेला असे, तसा आजही होता. आई गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ओल्मेदोने त्याला हाताशी धरलं, पहारा शिकवला, आणि आता संच त्याच्याकडेच होता. तो ओल्मेदोला ताइता म्हणे, म्हणजे बाबा.

"आणि धुकं असलं तर?" कांदेलारियाने विचारलं. "आमच्याकडे अर्धं वर्ष धुकंच."

उत्तर एफ्राइनने दिलं. "सोपं आहे. ताइतांनी पहिल्याच वर्षी शिकवलंय मला. दिसत नसलं की जमिनीला कान लावायचा. आवाज नसेल तर कळवायचं, शांत आहे."

बाईने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ओल्मेदो त्या रेघांकडे बघत राहिला.

'दिसत नाही' अशी वर्दी गेली की छावणीतून गावाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नाक्याचा दांडा वर होत नसे आणि कुणालाच वर सोडत नसत. मग छावणीतले लोक पहारेकऱ्याच्या नावाने बोटं मोडत. शिवाय त्याच्या स्वतःच्या दोन दुभत्या गायी वर बांधलेल्या. उद्रेकाच्या त्या सकाळी त्याला हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. तरी तो वायरलेसवर म्हणाला, शांत आहे, आणि दांडा वर झाला. पुढे एफ्राइनने धुक्याचं विचारलं, तेव्हा आपलं पाप झाकायला त्याने त्या पापालाच विद्येचं रूप दिलं. आणि आता ती विद्या परदेशी निघाली होती.

"खोडा ते," तो म्हणाला.

"काय?"

"कान लावायचं. त्या दिवशी मीही कान लावला होता, काही ऐकू आलं नाही. मला दिसत नव्हतं, आणि मी शांत आहे म्हणून कळवलं. माझ्या गायी वर होत्या." तो एफ्राइनकडे वळला. "तुझी आई हट्टी नव्हती, पोरा. माझ्या शब्दावर गेली ती."

कांदेलारियाने ती ओळ खोडली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या नजरेत दया नव्हती.

"मग धुक्यात काय सांगायचं?"

"दिसत नाही, एवढंच. लोक शिव्या घालतील. खायच्या."

एफ्राइनने पेला खाली ठेवला. "गेल्या रविवारी माझ्या थोरल्या पोरीला ओरडलो मी. आजीसारखी हट्टी होऊ नकोस म्हणालो. दोघी पोरी हेच ऐकत मोठ्या झाल्यात." त्याचा आवाज चढला नाही, तेच ओल्मेदोला सोसवेना. "इतकी वर्षं मी आईवर रागावून होतो, ताइता. आमच्यापेक्षा तिला जनावरं प्यारी होती, असं वाटायचं मला."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं, आणि गप्प बसलात."

वाचलेल्या चाळिसांचा आकडाही ओल्मेदोला उच्चारवेना.

"उठा," एफ्राइन म्हणाला. "पोरी घरीच आहेत. तुम्हीच सांगा त्यांना."

ओल्मेदो टेबलाचा आधार घेऊन उठला. एफ्राइनने नेहमीसारखा हात पुढे केला नाही, आणि त्यानेही मागितला नाही.