सुरतेची पट्टी

काकांनी बोट जिभेला लावलं की मी मान फिरवायची. रावपुऱ्यातल्या आमच्या बँकेत ते हेड कॅशियर होते आणि मी शेजारच्या काउंटरवर. त्यांच्यासमोर डबीत स्पंज असे, त्यात रोज सकाळी मीच पाणी घाली. पण नाही! नोटा मोजायच्या त्या थुंकी लावूनच. "शी, काका!" मी म्हणे. "स्पंजानं मोजलेले पैसे अळणी लागतात," असं वर उत्तर. आणि गिऱ्हाइकाच्या हातात पैसे ठेवताना न चुकता म्हणत, "फरवा दो!" म्हणजे हिंडू द्या.

माणूस जन्मापासून बडोद्याचा, घरी मराठी चोख, पण माया दाटली की गुजरातीत शिरायचे. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ. तुम्हीही एखादा पाहिला असेल.

नोट हिंडली पाहिजे, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. चहा आला की मला ऐकवत, "शंभराची नोट सकाळी दूधवाल्याकडे गेली, तिथून किराणावाल्याकडे, तिथून डॉक्टरकडे, आणि चौथ्या दिवशी परत आपल्या काउंटरवर. नोट एकच, पण तिघांची कामं झाली की नाही?" एखाद्या आजी नुसते घरात ठेवायला पैसे काढायला आल्या, की नोटा हातात धरूनच विचारत, "किती दिवसांचा मुक्काम हो हिचा तुमच्याकडे?" आजी बिचाऱ्या ओशाळून निम्मे परत भरत.

आणि मग चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला.

सुरत आमच्यापासून किती लांब? सकाळी गेलेला माणूस संध्याकाळच्या चहाला परत. बडोद्यात एकाएकी सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सुली संपल्या आणि आमच्या दारात रांग लागली. रात्री-अपरात्री पळावं लागलं तर? डॉक्टरनं रोख मागितली तर? जो तो पैसे काढून घरी नेत होता. भरायला मात्र कुणी येईना, कारण बाजारच बंद. चार दिवसांत तिजोरी रिकामी व्हायला आली.

"गंमत बघा," काका रुमालातून म्हणाले. "देशातली एक नोट कमी झालेली नाही. कुणी जाळली नाही, उंदरानं खाल्ली नाही. सगळ्या गव्हाच्या पिंपात बसल्यात, आणि बाहेर माणसं म्हणतायत पैसा नाही." त्या आठवड्यात मी त्यांना स्पंज वापरायला लावला होता. चक्क ऐकलं. घरी काही विशेष आहे, अशी तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एका सकाळी गोरव्यातल्या एका कारखान्याचे शेठ पगाराचे पैसे काढायला आले. मागोमाग त्यांचे चाळीसेक मजूरही आले, दाहोदकडचे. सगळ्यांना चारच्या बसनं गावी जायचं होतं. त्यांच्या किराणावाल्यानं उधारी बंद केली होती, कारण त्याला घाऊक माल रोखीशिवाय मिळत नव्हता. आज पगार झाला नाही तर बसचं भाडं नाही आणि रात्रीची भाकरीही नाही.

तिजोरीत उरली होती ती मुख्य शाखेकडून महिन्यापूर्वी आलेली बंडलं. काकांनी ती काउंटरवर ठेवली आणि पुढच्या मजुरानं कागदी पट्टीवरचा, बंडल बांधणाऱ्या शाखेचा शिक्का वाचला.

"आ तो सुरतनी छे!"

क्षणात काउंटरसमोर कुणी नाही. मजूर दाराशी, शेठ त्यांच्याही मागे. "बीजी आपो, साहेब," ते तिथूनच हात जोडून म्हणाले. दुसऱ्या होत्या कुठे द्यायला?

मी काकांच्या कानाशी लागले. "आत नेऊन पट्ट्या बदलू या ना. कुणाला कळतंय?"

इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. "वेड लागलंय का तुम्हाला? नोट म्हणजे शेवटी कागदच. कॅशियर खोटं बोलत नाही, म्हणून चालते ती."

मग ते कॅशच्या पिंजऱ्याचं दार उघडून बाहेर गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. तोंडावरचा रुमाल सोडून खिशात ठेवला. सुरतेची पट्टी टरकन फाडली. आणि सगळ्यांच्या देखत बोट जिभेला लावलं.

"एक, बे, त्रण, चार..."

दर चार नोटांनी बोट परत जिभेवर. शंभर झाल्या तशी त्यांनी गड्डी शिक्का वाचणाऱ्या त्या मजुरापुढे धरली. "ले भाई. मरीश तो पहेलो हुं." म्हणजे मेलो तर पहिला मी.

तो मजूर फिसकन हसला. त्यानं हात पुढे केला. "फरवा दो!" काका ओरडले. अर्ध्या तासात शेठनी रांग लावून पगार वाटले आणि सगळ्यांना चारची बस मिळाली.

मी मागे गेले तर काका मोरीपाशी गुळण्या करत होते. एक झाली की दुसरी.

"घरी आठ दिवसांची नात आहे हो माझ्या," ते म्हणाले. "लेक बाळंतपणाला आलीय."

मला रडूच कोसळलं. वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी म्हटलं, "अक्कल आहे का तुम्हाला?"

"तेव्हा दुसरं काही सुचलं नाही," ते म्हणाले.

सात दिवस ते घरी गेले नाहीत. वाडी भागात एका मित्राची खोली रिकामी होती, तिथे राहिले. संध्याकाळी बँक सुटली की आपल्याच घराखाली येऊन रस्त्यात उभे राहत. एकदा डबा घेऊन मीही गेले होते. काकू वरून गॅलरीतून नातीला उचलून दाखवत आणि ओरडून काकांना विचारत.

"ताप?"

"नाही!"

"जेवलात?"

"हो!"

"बोट तोंडात घालू नका!"

सगळी आळी हसली. काकांचं लक्षच नव्हतं. "जांभई दिली बघा," ते मला म्हणाले, "नाक माझंच आहे." आठव्या दिवशी ते जिना चढले. त्यानंतर महिनाभर त्यांनी इमानेइतबारे स्पंज वापरला. मग पुन्हा बोट जिभेवर आणि माझी मान भिंतीकडे.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. परवाच्या करोनात मी काय केलं, सांगू? इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसलेली मी, पहिल्याच आठवड्यात पैसे काढून आणले आणि साबुदाण्याच्या डब्यात कोंबले. दोन महिन्यांनी आमच्याकडे कामाला येणारी सविता खाली येऊन उभी राहिली. काम बंद, म्हणून मी तिचा पगारही बंद ठेवला होता. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, गालफडं बसलेली. "केम छो, बेन?" एवढंच म्हणाली. मागितलं काहीच नाही.

मी आत जाऊन डबा उघडला. नोटा जशा ठेवल्या तशाच पडून होत्या. किती दिवसांचा मुक्काम हो हिचा? स्वच्छ ऐकू आलं मला. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

दोन महिन्यांचा पगार मोजायला घेतला आणि नोटा काही सुटेनात. बोट आपोआप ओठांशी गेलं, तशी दचकले. साबणानं हात धुऊन पुन्हा मोजले. पिशवीला दोरी बांधून गॅलरीतून खाली सोडली. सवितानं पैसे कपाळाला लावले आणि वर बघत उभी राहिली, मी काही बोलेन म्हणून.

फरवा दो म्हणायला काका नव्हते. मग मीच म्हटलं.