सातव्या महिन्यात काढलेली दाढ

पाचवा महिना लागला आणि माझी खालची डावी दाढ ठणकू लागली. त्याआधी दोन महिने हिरड्यांतून रक्त येत होतं. सासूबाईंनी एकदा मोरीत ते पाहिलं आणि ब्रश बंद करायला सांगितलं.

"रगत वाया जाऊन रायलं, वो. लेकराले काय पुरन मंग?"

मी साकोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकांत वावरते. तरीही मी ब्रश ठेवून दिला आणि बोटाने दात पुसू लागले. पहिल्या खेपेला बाई कुणाचंही ऐकते. न ऐकून काही झालंच तर दोष कुणावर येणार हे तिला ठाऊक असतं. गरोदरपणात हिरड्या सुजतात, म्हणून रक्त येतं, आणि दात न घासल्याने त्या आणखी सुजतात, हे मला पुढे कॉलेजातल्याच एका पुस्तकातून कळलं. ज्या कपाटात ते पुस्तक होतं त्याची किल्ली माझ्याकडेच होती.

आधी डाव्या बाजूने चावणं बंद झालं, मग उजवीकडूनही नकोसं झालं. मी भात पातळ करून गिळू लागले. आरोग्य केंद्रात वजन केलं तर काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर.

"खात जा, ताई. बाळाचं वजन कुठून वाढणार?" सिस्टर म्हणाल्या.

मी दाढ दाखवली. त्यांनी दुरूनच पाहिली. "ते डिलिव्हरीनंतर बघा."

घरी तर हा प्रश्नच नव्हता. "एका लेकरामागं एक दात जातेच," सासूबाई म्हणाल्या. "मले चार झाले, चार दात गेले. अना पोटुशीनं दात हालवाचा नसते. नस थेट पोटाले जाते." त्यांच्या तोंडातले गेलेले दात चाराहून बरेच जास्त होते. त्या रोज सकाळी गुडाखू घासत, म्हणजे तंबाखू आणि गुळाचं काळं मिश्रण. एका दुपारी कळ असह्य झाली तेव्हा त्यांनी मायेने तीच डबी पुढे केली, आणि मी बोटभर घेऊन दाढेवर लावली. दाढ पाच मिनिटं गप्प बसली. मग घर फिरू लागलं आणि सकाळपासूनचा सगळा भात बाहेर आला. सासूबाई पाठ चोळत म्हणाल्या, "सवय नाही ना तुले."

सहाव्या महिन्यात तालुक्याच्या गावी गर्भवती मातांचा सन्मान मेळावा होता. फलकावर मोठ्या अक्षरांत 'मोफत दंत तपासणी' होतं. भाताच्या रोवणीचे दिवस, तरी नवऱ्याने शेतातल्या बांधीतून येऊन, चिखलाचे पाय धुऊन मला मोटरसायकलवर नेलं.

पाहुणे दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने दिवा विझला, पुन्हा झालं. दंतवैद्य तिसऱ्या क्रमांकाचे पाहुणे होते. मुख हे शरीराचं महाद्वार आहे, असं ते पंचवीस मिनिटं सांगत होते. आमची द्वारं उघडण्याच्या प्रतीक्षेत होती. नंतर प्रातिनिधिक पाच मातांची व्यासपीठावर ओटी भरायची ठरली. मी शिकलेली दिसते म्हणून माझीही निवड झाली. नारळ आणि टूथब्रश हातात आल्यावर मी दंतवैद्यांना हळूच म्हटलं, "सर, माझी डावी दाढ जरा बघता का?"

"इथं कसं बघणार, ताई?" कॅमेऱ्याकडचं हसू न हलवता ते म्हणाले. "आणि सध्या काही करायचंही नसतं. बाळंत झालात की या."

तपासणी वेळेअभावी झाली नाही. बुंदी मात्र सर्वांना पुरली. फोटो पेपरात आला. त्यात माझा डावा गाल सुजलेला स्पष्ट दिसतो. घरी सगळ्यांचं मत पडलं की माझं अंग चांगलं भरलं आहे.

सातव्यात एका सकाळी डोळा उघडेना इतका गाल फुगला आणि ताप चढला. नवरा घाबरला. आम्ही एसटीने भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सासूबाईही आल्या, दाढेला कुणी हात लावू नये एवढ्यासाठी.

तिथली दंतवैद्य तरुण होती. तिने कितवा महिना ते विचारलं, पोटावर जड एप्रन घालून दाढेचा छोटा एक्स-रे काढला आणि मुळाशी पू आहे म्हणाली.

"बाई, सुई पोटात तं नाही जाणार?" सासूबाईंनी विचारलं.

"सुईचं औषध दाढेपुरतंच असते, आजी. पू मात्र दाढेपाशी थांबत नाही. थो पसरला तर हिलेही धोका अना लेकरालेही."

तिने पू काढला, गरोदरपणात चालतील अशी औषधं दिली आणि चार दिवसांनी दाढ उपटली. वीस मिनिटं लागली. हात धुताना ती म्हणाली, "रक्त येत होतं तेव्हाच आला असता तर सफाई करून, सिमेंट भरून भागलं असतं. का नाही आलात?"

माझ्या तोंडात कापूस होता. सासूबाई खाली पाहत म्हणाल्या, "आमीच येऊ देल्लं नाही."

मला सांगायचं होतं की त्या एकट्या नाहीत. सिस्टर आहेत, तिसऱ्या क्रमांकाचे पाहुणे आहेत आणि किल्लीवाली मी आहे. पण कापूस चावून धरायला सांगितला होता.

त्या आठवड्यात मी पोटभर जेवू लागले. पुढच्या महिन्यात वजनाचा काटा सरकला.

"आता कसं!" सिस्टर म्हणाल्या. "लोहाच्या गोळ्या नियमित घेता ना?"

"दाढ काढली."

"पोटात बाळ असताना?"

"तवाच," बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "कुजकी ठेवून काय तिचं लोणचं घालाचं होतं का?"

सिस्टरनी वजन लिहिलं. पुढे 'गोळ्या नियमित' असं लिहिलं. दाढेचं कुठे लिहायचं ते त्यांना समजेना. मी म्हटलं, कुठेही लिहा, पण लिहा. त्यांनी कार्ड मिटून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.