राहिलेले पुण्यानुमोदन
दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, कारंजा लाडच्या एका दवाखान्यात, जिच्या मुलाने आत्महत्या केली होती अशी इंझोरी गावची एक आई समुपदेशक बाईंसमोर पहिल्यांदा बोलली. बातमीच्या कामासाठी, तिच्या संमतीने, मी कोपऱ्यात बसलो होतो. खोलीत फिनेलचा वास होता आणि बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पुण्याहून नव्याने आलेल्या या बाईंनी विचारले, "तेरावं झालं?" "आमी बौद्ध लोकं, बाई. आमच्यात तेरवी नाही करत." बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमच्यात काय करतात?" "पुण्यानुमोदन. भन्तेजी येतात, गेलेल्याच्या नावानं वंदना होते. पोराचं झालंच नाही." शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणाला, "मायबापाचा इचार केला का त्यानं? मी त्याचं काहून करू?" बाईंनी त्याला समजावले नाही. "मला वंदना येत नाही," त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही घ्या, मी ऐकते." चपला काढून, हात जोडून त्या उभ्या राहिल्या. आईने 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण सुरू केले. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज बसला. पुढची ओळ नवऱ्याने खाली बघत म्हटली. तीही त्याला पुरी करता आली नाही. गेल्या आठवड्यात त्या आईशी फोनवर बोललो. संध्याकाळची वंदना दोघे मिळून घेतात. पुण्यानुमोदन अजून झालेले नाही.