शेजाऱ्यांनी दिलेला कंदील

रसूलचाचा तंबोरे करतात. मिरजेत ही काही फार मोठी ओळख नव्हे. आमच्या गल्लीत चार घरं सोडली की पाचव्या अंगणात तंबोऱ्याचे भोपळे वाळत असतातच. चाचांची खरी ओळख म्हणजे त्यांचा काटेकोर स्वभाव. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ते त्याला चहा पाजतात आणि पुढच्या महिन्यात या म्हणतात. असा हा माणूस दिवाळीआधीचे आठ दिवस आपलं दुकान गल्लीतल्या पोरांच्या हवाली करतो. वसुबारसेला दिवेलागणीच्या वेळी पोरं स्वतः केलेले कंदील काठीला लावून तळ्यापर्यंत फेरी काढतात, ते कंदील तिथंच तयार होतात.

कंदील पोरांचे असले तरी शिस्त तंबोऱ्याची. बांबूची कामटी गव्हाभर वाकडी असली तरी सोडून पुन्हा बांधायची. पहिल्या वर्षी चाचांनी वाद्याचे भाग चिकटवायला वापरतात तो सरसच कंदिलांना लावला. तंबोरा काही कुणी दवात घेऊन हिंडत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तळ्यावरच्या ओलसर हवेत सरस सुटला आणि पोरं नुसत्या काड्या घेऊन घरी आली. त्यांच्या बायको अख्तरबी अजून त्यावरून चिडवतात. तेव्हापासून सगळं दोऱ्यानं बांधायचं, असं ठरलं.

यंदा माझी अबोली फेरीत जाणार नव्हती. फाल्गुनात माझा नवरा जयराज खंडाळ्याजवळ अपघातात गेला. माझे सासरे, तात्या, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. दुःखाच्या घरी वर्षभर सण नाही, म्हणून कंदीलही नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. खरं सांगते, मला ते सोयीचंच वाटलं. सण नसला म्हणजे हसरं तोंड करावं लागत नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला काय वाटतं, हे मी विचारलंच नाही. मैत्रिणी हाका मारून थकल्या, ती खेळायला जाईना. कुणाशी धड बोलेना. रोज संध्याकाळी चाचांच्या पायरीवर जाऊन बसायची आणि दुसऱ्यांचे कंदील बघायची. हात मात्र कशाला लावायची नाही.

चाचांनी तिला एकदाही आग्रह केला नाही. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलेलं नसेल. माणसाला ओळखण्यात मी किती कच्ची आहे, ते मला वसुबारसेच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी चार वाजता चाचा आणि अख्तरबी आमच्या दारात उभे राहिले. अख्तरबींच्या हातात शंकरपाळ्या-चकल्यांचं ताट होतं आणि चाचांच्या हातात पतंगी कागदाचा हिरवा कंदील. तात्यांनी कंदील पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. घरात दुःख आहे, हे विसरलात का, असं त्यांनी विचारलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "विसरलो न्हाई, म्हणून तर आलो. दुःखाच्या घरी फराळ करत न्हाईत, तो शेजाऱ्यानं द्यायचा, ही तुमचीच रीत हाय न्हवं? मग आवं तात्या, कंदील बी शेजाऱ्यानं दिला तर काय चुकलं?"

रीत मोडणं तात्यांना जमलं नसतं, आणि शेजाऱ्याचं ताट परत करणंही रीतीत बसत नव्हतं. शेवटी त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, कंदील स्वतःच्या हातात घेतला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि अबोलीला हाक मारली. जाऊन ये, एवढंच म्हणाले.

फेरी आमच्या दारावरून निघाली तेव्हा मी आणि तात्या उंबऱ्यात उभे होतो. पोरांचा गलका चालला होता. पुढं चाचा, एकेकाची काठी सरळ करत, नेहमीसारखे कुरकुरत. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार? अबोली मध्ये चालत होती. दारासमोर आल्यावर ती थांबली, चवड्यांवर उभी राहिली आणि काठी जमेल तितकी उंच करून ओरडली, "तात्या, दिसतोय का?"

जयराज दर दिवाळीला शिडीवर चढून कंदील टांगायचा आणि खाली उभ्या असलेल्या तात्यांना हेच विचारायचा.

तात्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"दिसतोय गं," ते म्हणाले. "लय झ्याक दिसतोय."